एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

आमच्या मामंजींना सगळी गल्ली इंचमास्तर म्हणायची. तोंडावर मास्तर, पाठ वळली की इंचमास्तर. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, फक्त आवडतं असं दाखवायचं नाही एवढी ऐट ते सांभाळून होते. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि सासूबाईंच्या कानात म्हणाले, "साडेबासष्ट." शेजारी बसलेल्या माझ्या आईला वाटलं, शंभरपैकी गुण दिले. ती घरी येईपर्यंत तोंड पाडून होती. ती माझी उंची होती, इंचांत, नुसत्या नजरेनं मोजलेली, आणि नंतर टेप लावून पाहिलं तर बरोबर निघाली.

घराच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला त्यांचं वर्कशॉप होतं. वर्कशॉप म्हणजे एकच लांबट खोली. एका भिंतीला लागून लोखंड कातायचा लेथ, समोर छोटं मिलिंग मशीन, कोपऱ्यात ग्राइंडर, आणि उरलेल्या जागेत जेमतेम एक माणूस फिरेल एवढी वाट. लेथ जुना होता, एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचललेला, पण लांबीला दणकट. हातभर लांबीचे दांडे त्यावर आरामात चढत. गावातल्या नव्या वर्कशॉपांत चकचकीत मशीनं होती, पण इतकी लांब कुणाकडेच नव्हती. मामंजी सकाळी आधी लेथला तेल घालत आणि मग स्वतः चहा घेत. सासूबाई म्हणायच्या, "माझी सवत लोखंडाची आहे म्हणून खपवून घेतलं."

या लेथमध्ये एकच खोट होती. तो इंचांत बनलेला होता. त्याच्या पोटात एक लांब स्क्रू असतो, तो फिरला की हत्यार पुढे सरकतं आणि दांड्यावर आटे पडतात. तो पोटातला स्क्रू इंची, म्हणून लेथ इंची आटेच पाडणार. आणि दुनिया केव्हाच मिलिमीटरवर गेलेली. इंची आट्यांचं काम घेऊन येणारी माणसं वर्षागणिक म्हातारी होत गेली आणि मग येईनाशी झाली. शेवटी शेवटी मामंजी बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या आखूड नळ्या, बनवत, वाकलेले दांडे सरळ करत, आणि बाकीचा वेळ रेडिओ ऐकत.

माझ्या नवऱ्याला ती खोली भाड्यानं द्यायची होती. त्याच्यावर रागवण्यात अर्थ नाही, मीही रागवले नव्हते. तो विमा कंपनीत नोकरी करतो, पोरवयात दोन वर्षं बापाच्या हाताखाली उभा राहिला आणि लोखंडाचा वास सहन होत नाही म्हणून बाहेर पडला. औषधांचं दुकान टाकणारा एक माणूस त्याच्या मागे लागला होता, खोली रस्त्यावरची, जागा मोक्याची. नवरा म्हणाला, "बाबा, रोज चार तास रेडिओ ऐकायला एवढी मोठी खोली लागत नाही."

"लेथ कुठं ठेवू? तुझ्या पलंगाखाली?"

"लेथ भंगारात जाईल. कोण घेणार तो?"

त्यावर मामंजी दोन दिवस जेवायला वर आले नाहीत. सासूबाईंनी ताट खाली नेऊन दिलं आणि दुसऱ्या दिवशी दोघांना समोरासमोर बसवलं. त्याच आठवड्यात झडपवाले येऊन गेले होते. झडपवाले म्हणजे पाणीपुरवठ्याच्या मोठ्या झडपा दुरुस्त करणारी कंपनी. त्यांना हातभर लांबीचे स्क्रू हवे होते. एका वेळी दहा-वीस नगच, म्हणून मोठे कारखाने हात लावत नव्हते, आणि छोट्या वर्कशॉपांच्या मशीनवर एवढा दांडा बसत नव्हता. काम कायमचं होतं. पण आटे मिलिमीटरचे.

"महिनाअखेरपर्यंत नमुना पास झाला तर खोली यांची," सासूबाई म्हणाल्या. "नाही झाला तर तुझी. आणि नंतर दोघांनीही तोंड उघडायचं नाही, मला माझी झोप प्यारी आहे."

मामंजींनी आठ दिवसांत नमुना केला. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडता येतात, त्यासाठी बाजूच्या चाकांची जोडणी बदलावी लागते. किती दात्यांचं चाक कुणाला जोडायचं यावर सगळा खेळ. एका बोटाच्या रुंदीचा नट त्यांनी स्क्रूवर चढवला, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखा गेला. मला बोलावून दाखवलं, सासूबाईंना बोलावून दाखवलं, रस्त्यावरून जाणाऱ्या एका पोस्टमनलाही दाखवलं.

झडपवाल्यांचा माणूस आला तो आपला नट घेऊन आला. पितळी, चार बोटं लांब. स्क्रूवर चढवला, तो दोन बोटं गेला आणि रुतला. पुढे जाईना, मागे येताना कुरकुरला. त्या माणसानं काही वाईट शब्द काढला नाही. नट पुसून पिशवीत टाकला आणि म्हणाला, "बघा अजून जमलं तर. महिना संपेपर्यंत थांबतो." त्यानं चार कडक शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मामंजी त्या दिवशी मला पहिल्यांदा म्हातारे दिसले.

संध्याकाळी मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. सहसा ते असं करत नसत.

"पाच इंच म्हणजे किती मिलिमीटर, सांग."

मी शिलाईकाम करते, माझ्या टेपला एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर आहेत. टेप उलटा करून पाहिला. "एकशे सत्तावीस."

"बरोब्बर एकशे सत्तावीस. कमी नाही, जास्त नाही. म्हणजे इंचातून मिलिमीटरमध्ये जायचं तर एकशे सत्तावीस दात्यांच्या चाकातूनच जावं लागतं. दुसरी वाट नाही."

"मग दोन छोटी चाकं जोडून करा की. तुम्ही नेहमी करता तसं."

"तिथंच तर घोडं पेंड खातं. साठ दात्यांचं काम मी तीस आणि दुपटीनं करतो, नव्वदचं पंचेचाळीस आणि दुपटीनं. कारण त्यांना भाग जातो. याला भाग जात नाही. दोननं नाही, तीननं नाही, पाचनं नाही. सातनं जातो की काय असं वाटतं, तर साती अठरं एकशे सव्वीस, एक उरतो. अकरा अकरं एकशे एकवीस, सहा उरतात. त्याच्यापुढे बघायची गरजच नाही, कारण बारा बारं एकशे चव्वेचाळीस, तिथं तो संपलेला असतो. मूळ संख्या आहे, मूळ! ना कुणाच्या पोटात, ना कुणाला पोटात घेणारी."

"मग तुम्ही नमुना कसा केला?"

त्यांनी कप हातात फिरवला. मग म्हणाले, "एकशे सव्वीसनं. माझ्याकडे त्रेसष्टचं चाक आहे. दुप्पट केलं. म्हटलं, एकाचा तर फरक."

एकाचा फरक छोट्या नटात लपतो. लांब नटात तो प्रत्येक आट्याला थोडा थोडा साठत जातो आणि शेवटी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त होतो. चाळीस वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या कामात खोट काढली त्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी मुद्दाम छोटा नट घेऊन पाहिला होता, आणि तो गेला याचा मनापासून आनंदही केला होता. माणूस स्वतःला असा फसवतो. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि दोन्ही गिळून मी कप उचलला.

दुसऱ्या दिवसापासून घरात एकशे सत्तावीसशिवाय विषय नाही. ते चाक विकत मिळत नव्हतं, लेथ बनवणारी कंपनीच उरली नव्हती. दात्यांची चाकं कापून देणाऱ्या दोघांकडे मामंजी जाऊन आले. एकानं आकडा ऐकूनच हात जोडले. दुसरा म्हणाला, "मास्तर, एकशे वीस सांगा, एकशे अठ्ठावीस सांगा, आत्ता कापून देतो. शंभरावरची मूळ संख्या आणू नका, मशीनला ते गणित झेपत नाही."

राहिलं स्वतः कापणं. मिलिंग मशीनवर दाते कापताना चाकाचे समान भाग पाडायला एक पेटीसारखं यंत्र असतं. त्याचं हँडल चाळीस वेळा फिरवलं की चाक एकदा फिरतं. हँडलच्या मागे भोकं पाडलेली तबकडी असते, किती भोकं मोजून थांबायचं ते तिच्यावरून ठरतं. एकशे सत्तावीस दाते पाडायचे तर एकशे सत्तावीस भोकांचं कडं हवं, प्रत्येक दात्याला चाळीस भोकं पुढे. मामंजींच्या तबकड्यांवर सगळ्यात मोठं कडं एकोणपन्नासचं होतं. मग त्यांनी पुठ्ठ्यावर वर्तुळं काढायला घेतली. वर्तुळाचे दोन भाग होतात, चार होतात, सहा होतात, कंपासनं दुप्पट दुप्पट करत पुढेही होतात. एकशे सत्तावीस होत नाहीत. ते एकेक खूण पुढे नेत शेवटाला पोचले की शेवटचं घर कधी अर्धंच उरे, कधी दीडपट. प्रत्येक खुणेची केसभर चूक पुढच्या खुणेच्या डोक्यावर बसत होती. आठवडाभरात पुठ्ठ्यांचा ढीग झाला आणि महिना संपायला दहा दिवस उरले.

माझं शिलाई मशीन वर, स्वयंपाकघराच्या खिडकीशी आहे. त्या दिवशी मी शाळेच्या गणवेशाचे चुण्यांचे स्कर्ट करत होते आणि मामंजी पाणी प्यायला म्हणून येऊन तिथंच टेकले होते. मी कमरेच्या पट्टीला खुणा करत होते. पट्टी दुमडली, खडूनं खूण केली. परत दुमडली, खुणा केल्या. परत दुमडली.

"मोजत नाहीस?" ते म्हणाले.

"मोजायचं कशाला? अर्धं, अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं. सोळा घरं झाली. मोजत बसले तर शेवटचं घर वाकडं येतं."

"आणि चुण्या सोळा?"

"पंधरा. पट्टीची टोकं जोडताना एक घर शिवणीत जातं."

ते पाणी प्यायचे थांबले. "सोळाच्या पुढे काय?"

"पुढे बत्तीस. चौसष्ट. एवढ्या बारीक चुण्या कोण घालणार, मामंजी?"

"पुढे?"

"एकशे अठ्ठा—" मी म्हणाले आणि माझाही खडू हवेत राहिला.

"आणि एक शिवणीत गेलं की एकशे सत्तावीस," सासूबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, तिथूनच म्हणाल्या. "आता तरी तो ग्लास खाली ठेवा, सांडताय."

मामंजींनी ग्लास कुठं ठेवला ते मला आठवत नाही. मीच नंतर तो जिन्यात शोधून काढला.

ते आठवडाभर वर्तुळाशी झटत होते, आणि वर्तुळातून एक घर काढून टाकता येत नाही. पट्टीतून येतं. आधी सरळ पट्टीचे भाग पाडायचे आणि नंतर तिला गोल वळवायचं, एवढंच. ज्या संख्येचे भाग पडायला तयार नाहीत तिच्या अगदी शेजारची संख्या अशी की अर्धी करा, परत अर्धी करा, सात वेळा करा, शेवटच्या एकपर्यंत कुरकूर न करता तुटत जाते. मामंजी म्हणाले, "शेजार बघ आणि स्वभाव बघ." मग बराच वेळ आपल्याशीच हसत होते.

मोठ्या खोक्यांना बांधतात ती पातळ पोलादी पट्टी त्यांनी शोधून आणली. बत्तीस इंच लांबीवर दोन टोकांच्या खुणा केल्या, कारण बत्तीस इंचांचे एकशे अठ्ठावीस भाग म्हणजे बरोबर पाव पाव इंच. मिलिमीटरचं चाक इंचांतून जन्माला येणार याचा त्यांना कोण आनंद. पण मोजपट्टीवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. कंपासनं मध्य काढला, मग त्याचे मध्य, मग त्यांचे. अर्धं करताना चूकही अर्धी होते, हे त्यांनी मला समजावलं. मी त्यांच्या शेजारी बसून भिंग धरत होते. प्रत्येक फेरीत नव्या खुणा किती पडल्या ते मी मनात मोजत होते: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सगळ्यांची बेरीज केली तर एकशे सत्तावीसच आली. मी ते बोलून दाखवल्यावर मामंजी म्हणाले, "येणारच." पण त्यांनी पाटीवर स्वतः बेरीज करून पाहिली, मी बघत होते.

भोकं पाडायला दोन दिवस गेले. मग त्यांनी लेथवर लाकडाची जाड तबकडी चढवली आणि तिचा काठ जरा जरा कातत गेले. दर वेळी पट्टी गुंडाळून बघायची, टोकं जुळत नाहीत, परत एक पातळ पापुद्रा काढायचा. शेवटी पहिलं भोक आणि एकशे अठ्ठाविसावं भोक एकमेकांवर येऊन बसलं आणि त्यातून त्यांनी खिळा ठोकला. एक घर कापून बाजूला पडलं होतं. शिवण झाली, आणि ही तबकडी त्या पेटीच्या हँडलमागे जाऊन बसली.

"पण ही भोकं हातानं पाडलेली, थोडी इकडेतिकडे असणारच ना?" मी विचारलं.

"असू देत. इथं हँडल चाळीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. इथली चूक चाकापर्यंत पोचताना चाळीसपट बारीक होते." हे सांगताना ते इतके खुशीत होते की मला वाटलं, आता नाचतात.

दाते कापायच्या दिवशी नवरा कामासाठी परगावी गेला होता. बिडाची गोल चकती एकच होती, मामंजींनी कित्येक वर्षं जपून ठेवलेली. ती बिघडली की संपलं, दुसरी मिळायला महिना लागला असता. त्यांनी पत्र्याचे दोन हात करून चाळीस भोकांचं अंतर त्यात पकडलं होतं, म्हणजे दर वेळी मोजायला नको. हँडल तेवढं फिरवायचं, त्याची खिट्टी भोकात बसवायची, कटर चालवायचा, एक दाता. माझं काम कटरवर तेल सोडायचं आणि दाते मोजायचं. मी सवयीनं शिवणाचा खडू खिशात घेऊन गेले होते. खिट्टी ज्या भोकात बसली त्याच्या शेजारी ठिपका देत गेले.

"ही शिंपीगिरी कशाला?" मामंजी म्हणाले.

"माझा माझ्या मोजण्यावर भरवसा नाही."

दुपारपर्यंत ठिपके पट्टीभर पसरले, पण एकाही भोकाला दुसरा ठिपका पडला नाही. उडी मारत मारत इतके फेरे झाले तरी खिट्टी दर वेळी कोऱ्याच भोकात. मी विचारलं, असं कसं.

"मूळ संख्या आहे ना," ते म्हणाले. "समज, भोकं एकशे वीस असती. चाळीसची उडी मारलीस तर तिसऱ्या उडीला परत पहिल्या भोकात. तीच तीन भोकं जन्मभर. एकशे सत्तावीसला भाग जात नाही, म्हणून कितीचीही उडी मार, सगळ्या भोकांवर एकेकदा पाय पडल्याशिवाय पहिलं भोक परत मिळत नाही. कुणालाही वगळत नाही तो आकडा."

मला ते फार आवडलं. स्कर्टांचा ढिगारा वर पडला होता, शाळेचा माणूस दोनदा येऊन गेला होता, आणि मी तेलानं माखलेले हात घेऊन त्या खोलीत उभी होते आणि मला वर जायची जराही इच्छा नव्हती. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

त्र्याऐंशीव्या दात्याला मामंजींनी हँडल फिरवलं, खिट्टी बसवली आणि कटरकडे हात नेला. मी ठिपका द्यायला वाकले. भोकाशेजारी ठिपका आधीच होता.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा माणूस आत डोकावला. "इथं आपण येऊन गेलोय."

मामंजी वाकले, चष्मा वर केला, खाली केला. पत्र्याच्या हाताचा स्क्रू ढिला झाला होता आणि हात मागे सरकला होता. मोजलं तर चाळीसऐवजी पस्तीसच भोकं. त्या जागी कटर चालला असता तर दाता वाकडा कापला गेला असता, त्याच्यामागून पुढचे सगळेच, आणि चकती भंगारात. त्यांनी हात परत चाळीसवर आणून घट्ट केला, आदल्या भोकापासून पुन्हा मोजलं, खिट्टी कोऱ्या भोकात बसली. माझा जीव भांड्यात पडला. मग ते स्टुलावर बसले.

"मला ते सरकलेलं दिसलं नाही," ते म्हणाले. "बघत होतो मी. अगदी नीट बघत होतो. पस्तीस आणि चाळीस मला सारखंच दिसलं."

"खोलीत उजेड कमी आहे."

"उजेड तोच आहे, सूनबाई."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वी काय सांगितलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. मी विचारलं, राहिलेलं उद्या करायचं का. ते उठले आणि मला हँडलसमोर उभं केलं. स्वतः तेलाची बाटली घेतली.

उरलेले दाते मी कापले. मामंजी मोजत होते आणि मध्येच "सावकाश, लोखंडाशी भांडू नकोस" एवढंच म्हणत होते. पहिले दोन-तीन कापल्यावर किती जोर लावायचा ते हाताला कळलं. दिवस कलताना पट्टीवर एकच भोक बिनठिपक्याचं उरलं. मी हँडल फिरवलं आणि खिट्टी आपल्या आपण त्यात पडली. दाता कापला. मग आणखी एक उडी मारली, कापायला नव्हे, फक्त बघायला. खिट्टी जाऊन बसली ती सकाळच्या पहिल्या भोकात.

मामंजींनी चाकाच्या दात्यांवरून बोट फिरवलं, एकदा पूर्ण. सगळीकडे सारखं होतं. "आलं बाई घरी," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. मलाही रडू आलं, उगीच नाकारण्यात काय अर्थ.

त्या चाकानं पाडलेला स्क्रू चार दिवसांनी तयार झाला. या वेळी मामंजींनी स्वतःचा छोटा नट ड्रॉवरमधून बाहेरही काढला नाही. महिना संपायच्या आदल्या संध्याकाळी झडपवाल्यांचा माणूस आपला पितळी नट घेऊन आला. नट चढवला आणि एका बोटानं फिरवत या टोकापासून त्या टोकाला नेला, परत आणला. "पुढच्या महिन्यात पहिले वीस द्या," म्हणाला आणि नमुना बगलेत मारून गेला.

माझा नवरा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. तो मनानं वाईट नाही. त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला, मनापासून ठेवला. मग आत येऊन बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्ही जिंकलात, मान्य. पण एक विचारू का? तुमच्या डोळ्यांचं काय ते मलाही ठाऊक आहे. ही ऑर्डर आज आली. सहा महिन्यांनी हे मशीन चालवणार कोण? मी नाही. औषधवाल्याला उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. खोली द्यायची की नाही, नीट विचार करून सांगा."

मला वाटलं होतं, मामंजी चिडतील. ते चिंधीला हात पुसत राहिले.

"मला काय विचारतोस," ते म्हणाले. "जो लेथ चालवणार त्याला विचार."

नवऱ्यानं मागे वळून दाराकडे पाहिलं, बापानं कुणी नवा माणूस ठेवलाय की काय म्हणून. दारात कुणी नव्हतं. मग त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि माझ्या हातांवर थांबली. मनगटापर्यंत काळे झाले होते, स्क्रूचे शेवटचे आटे मीच पाडले होते.

"नाही द्यायची," मी म्हटलं.